शत्रुघ्नची दहा बोटं

तुम्ही खोटं बोललात. आणि घाईगडबडीत तोंडातून निसटलं असंही नाही. कंपनीच्या छापील कागदावर, अरबीत आणि इंग्रजीत, सहीशिक्क्यासकट खोटं बोललात. ‘सदर कामगाराचा आमच्या कंपनीशी कोणताही संबंध नाही.’ हे वाक्य ज्या खोलीत बसून तुम्ही लिहिलंत, त्या खोलीचं दार त्याच कामगारानं केलेलं आहे. सागाचं, दोन फळ्यांचं, वर खजुराच्या झावळ्यांची नक्षी. रोज सकाळी तेच ढकलून तुम्ही आत जाता. निदान दार उघडं ठेवून तरी लिहायचं होतंत.

तुमचं नाव इथे घ्यायची गरज नाही. ऑफिसात तुम्हाला ‘वरचा मजला’ म्हणतात, तेवढं पुरे. आता झालं काय ते नीट ऐका, कारण खालच्या मजल्यावर काय चालतं हे तुमच्यापर्यंत कुणी धडपणे पोचवत नाही.

समिधा मूळची नाशिकची. नवरा जयदीप पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, म्हणून घर कुवेतमधल्या मंगफला. ती कुवेत सिटीतल्या तुमच्या ऑफिसात कामाला लागली ती डिझायनर म्हणून, दारं-खिडक्यांच्या कॅटलॉगची पानं मांडायला. जाडजूड, चकचकीत, उशाला घ्यावा असा कॅटलॉग. शोरूममधल्या गिऱ्हाइकांना तो चाळताना तिनं दोन वर्षं पाहिलं. नवरा-बायको पान उघडायचे, दार आवडायचं, आणि मग दोघं भांडायचे की हे आपल्या भिंतीला शोभेल का. भांडण मिटायचं नाही, गिऱ्हाईक उठून जायचं.

आयफोनवर ॲप नावाची भानगड आली तेव्हा तिच्या डोक्यात हेच भांडण होतं. आपल्या घराच्या दर्शनी भिंतीचा फोटो काढायचा, त्यावर बोटानं ओढून दार बसवायचं, रंग बदलून बघायचा. भांडायचं ते घरी बसून भांडा. तिनं ही कल्पना मार्केटिंगच्या अशरफला सांगितली. अशरफ इजिप्तचा, वयानं पन्नाशीचा, मनानं भला, पण छापील कागदावाचून त्याचा कशावर विश्वास नसे.

“फोनवर दार?” तो म्हणाला. “समिधा, फोनवर माणसं बोलतात.”

“तुम्ही दिवसभर फोनवर काय करता?”

अशरफनं हातातला ब्लॅकबेरी खिशात घातला आणि म्हणाला, “बरं. करून दाखव.”

तिनं केलं. कोड लिहायला पुण्यातली दोन मुलं होती, पण स्क्रीन न् स्क्रीन समिधाची. चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढलेली. अरबी उजवीकडून चालते म्हणून तिनं सगळं ॲप आरशात धरल्यासारखं दुसऱ्यांदा काढलं, बाण, पानं, दाराच्या कड्यासुद्धा. जयदीप म्हणायचा, “जेवताना तरी ती वही मिट, भातावर दारं उगवतायत.” त्याचं बरोबर होतं. पण तुमच्या धंद्यात तेव्हा कुवेतमध्ये असं काही कुणाकडे नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. ऑफिसातून गाडीकडे जाताना ती ताठ चालायची ती उगाच नाही.

सोबत तिनं फेसबुकवर कंपनीचं पेज काढलं. तिथे ‘सवलत, सवलत’ असं ओरडायचं नाही हे पहिल्या दिवशी ठरवलं. कंपन्या लोकांना नुसतं तोंड दाखवतात, हात कधी दाखवत नाहीत. तिला हात दाखवायचे होते. दार कसं होतं, लाकूड कसं कापतात, नक्षी कशी उठते, हे सगळं. त्यासाठी ती दर आठवड्याला शहराबाहेरच्या अम्गऱ्याला जायची. भंगाराची कुंपणं, सिमेंटच्या गोण्या, फरश्यांचे ढीग, आणि त्यांच्या मधोमध तुमचं वर्कशॉप. तुम्ही तिथे शेवटचं कधी गेला होतात ते आठवतं का पाहा.

तिथला मुख्य सुतार शत्रुघ्न. कुडाळजवळच्या गावचा, एक्क्याण्णव साली लढाई संपल्यावर लगेच इथे आलेला, तेव्हापासून तुमच्याच इकाम्यावर, म्हणजे तुमच्या नावावरच्या राहण्याच्या परवान्यावर. बायको-मुलं गावी, हा इथे बॅचलर खोलीत. तिरसट माणूस. कुणी चांगलं म्हटलं तर त्यालाच संशय यायचा की ह्याला काही फुकट करून हवंय. पण हातात पटाशी आली की बाकीचे काम थांबवून बघायचे, आणि आपल्याकडे बघतायत हे त्याला पक्कं माहीत असायचं.

२००९ सालच्या सप्टेंबरात, ईद नुकतीच उरकली होती, तेव्हा समिधा अशीच वर्कशॉपवर गेली. ॲपमध्ये ‘दार कसं बनतं’ असा एक भाग होता, त्याला एक फोटो कमी पडत होता. गेली तर मशीनं बंद. भुसा झाडून काढलेला, हत्यारं पुसून फळीवर ओळीनं मांडलेली, इंडियन दुकानातून आणलेला झेंडू, फोडलेला नारळ.

“काय गो बाय, आज बरी इलंस,” शत्रुघ्न म्हणाला. “खंडेनवमी आसा. आज हत्यारांक सुट्टी.”

“काका, मला एक फोटो हवाय. मशीनपाशी उभे राहा, मागे ते मोठं दार.”

“काढ. पण हसूक सांगू नको. हसलंय की माझो चेरो माकडासारखो दिसता.”

“नाही हसलात तर?”

“मग फकस्त माझ्यासारखो दिसता. ता चलात.”

तो कटर मशीनच्या टेबलावर हात टेकून उभा राहिला. तिनं पाचसहा फोटो काढले, खोबऱ्याचा तुकडा खाल्ला, आणि परत आली. दुसऱ्या दिवशी त्यातला उत्तम फोटो निवडून पेजवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमचं दार इथे जन्माला येतं.’

तिच्या हातून चूक झाली ती इथे, आणि ही चूक आपल्याच माणसाकडून व्हायची. दुसऱ्या कुणीही तो फोटो बघितला असता तर पहिल्यांदा त्याला जे दिसलं असतं, ते समिधाला दिसलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात शिरते तर अशरफ तिच्या टेबलाशी उभा. चेहरा पांढराफटक. त्यानं ब्लॅकबेरी तिच्यापुढे धरला. तिनं टाकलेला तोच फोटो, आणि त्याखाली अरबी मजकूर. हा मेसेज सकाळपासून कुवेतभर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता.

“काय लिहिलंय?” तिनं विचारलं.

“लिहिलंय, ह्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कामगाराची बोटं कापली गेली, आणि त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून कंपनी त्याचे फोटो काढते आहे.”

“कुणाची बोटं?”

“समिधा, रक्त बघ.”

“कुठे आहे रक्त?”

अशरफनं नुसतं बोट टेकवलं. मशीनच्या पात्यावर लाल डाग. टेबलावर लाल ओघळ. आणि शत्रुघ्नचा डावा हात असा टेकलेला की दोन बोटं फळीच्या मागे गेलेली, कॅमेऱ्याला दिसतच नव्हती. शिवाय तो हसत नव्हता.

समिधाला आधी हसू फुटलं. “अहो, ते कुंकू आहे,” ती म्हणाली. मग अशरफच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू विझलं. नाशिकला दर दसऱ्याला बाबांच्या स्कूटरला, शिलाई मशीनला, अडकित्त्यालासुद्धा कुंकू लागायचं. ओल्या बोटानं लावलं की ओघळ यायचाच. जन्मभर बघितलेली गोष्ट डोळ्यांना दिसते कुठे? आणि तिनं तो फोटो अशा शहरापुढे ठेवला होता जिथे करवतीवर लाल दिसलं तर माणूस ॲम्ब्युलन्स बोलावतो. चूक शहराची नव्हती. हे तिनं तिथल्या तिथे कबूल केलं, आणि तेवढ्यापुरतीच मान खाली घातली.

“मी आत्ता खुलासा टाकते,” ती म्हणाली.

“खुलासा वरून आलाय,” अशरफ म्हणाला.

तो तुमचा कागद. फोटो बाहेरच्या ठेकेदाराच्या जागेतला आहे, कामगाराचा कंपनीशी संबंध नाही. पेजवरचा फोटो पुसून टाका, हे निवेदन तेवढं लावा, ॲप पुढच्या सूचनेपर्यंत थांबवा. अरबी मसुदा लीनाकडे तपासायलाही गेला होता. लीना बैरुतची, कंपनीचा अरबी मजकूर तीच लिहायची.

“पण तो आपलाच आहे,” समिधा म्हणाली. “त्याचा इकामा आपल्या नावावर आहे.”

“चार ओळी आहेत. चार दिवसांत लोक विसरतील. खलास.”

“लोक विसरतील. उद्या वर्कशॉपवर तपासणीला कुणी आलं आणि हा कागद पुढे केला, तर ते काका कुणाचे? ज्याला कंपनीच आपला म्हणत नाही त्याला इथे कोण ठेवून घेणार? दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील.”

अशरफलाही हे कळत होतं. इकाम्यावर जगणाऱ्या प्रत्येकाला कळतं, ते कळायला मराठी असावं लागत नाही. त्यानं घड्याळ बघितलं.

“मी आज दुपारच्या नमाजाला जरा लवकर जातोय,” तो सावकाश म्हणाला. “मग जेवीन. आज मला भूक जास्त आहे. परत आल्यावर पेज बघतो.”

समिधानं गाडीची किल्ली उचलली.

अम्गऱ्याला शत्रुघ्न वर्कशॉपच्या दारात फोन कानाला लावून उभा होता, आणि फोनवर कुणाला तरी झाडत होता. तिला बघताच त्यानं फोन बंद केला.

“इलंस? बघ काय करून ठेवलंस. सकाळपासून गावचे फोन. मुंबयसून कोणीतरी माझ्या बायलेक सांगितल्यान की शत्रुघ्नाची बोटां गेली. ती रडता. मावशेन देवाक नारळ पण सांगून टाकलो. आता बोटां हत म्हटलंय तरी तो नारळ देवक व्हयोच.”

“काका, माझी चूक झाली.”

“बोटां गेल्याचा माका काय नाय. माझ्या हातान मशीन चालवताना बोट जाता, असा लोक म्हणतत, त्याचा वायट वाटता. आजवर नखाक धक्को लागाक नाय माझ्या.”

मग तिनं त्याला वरच्या मजल्यावरचा कागद सांगितला. लपवून काय उपयोग होता? शत्रुघ्न ऐकत राहिला. आतली मशीनं चालू होती, त्यानं हात वर करून ती बंद करायला लावली. वर्कशॉप गप्प झालं.

“संबंध नाय,” तो म्हणाला. “मग ही दारां काय भुतां करतत?”

समिधानं कॅमेरा हातात घेतला.

“काका, एक फोटो काढू? दोन्ही हात पुढे करायचे, तळवे माझ्याकडे. चेहरा पण हवा. खाली तुमचं नाव घालीन. पण ऐका, वरच्यांनी फोटो पुसायला सांगितलंय. हे केलं तर तुमच्यावरही येईल, माझ्यावरही. नको असेल तर नको म्हणा.”

शत्रुघ्ननं आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं. ह्याच्यात फुकट काय जाणार आहे याचा हिशेब तो करत असावा. मग म्हणाला, “थांब. शर्ट बदलून येतंय.”

“हाच शर्ट राहू दे.”

“तुझ्या घोवाचो फोटो असल्या शर्टात काढशीत? थांब म्हटलंय.”

तो आला तो इस्त्रीचा निळा शर्ट घालून, केस ओले करून. हात मात्र तिनं धुऊ दिले नाहीत. त्या मोठ्या दारापुढे तो उभा राहिला आणि त्यानं दोन्ही पंजे पसरले. दहाही बोटं, नखांत भुसा, उजव्या अनामिकेला अजून लालसर छटा. ‘हसा’ असं तिनं म्हटलं नाही. तरी तो किंचित हसला, आणि खरं सांगायचं तर माकडासारखा अजिबात दिसला नाही. कुणी विकत घ्यायला गेलं तर मिळणार नाही असला ताठा त्या फोटोत आला.

ऑफिसात परत आल्यावर तिनं इंग्रजी मजकूर लिहून लीनापुढे ठेवला. ‘ही शत्रुघ्नची दहा बोटं आहेत. आमची दारं तो करतो. फोटोतला लाल रंग ही एक पूड आहे. वर्षातून एकदा तो आणि त्याचे सोबती आपली हत्यारं स्वच्छ करतात, त्यांना एक दिवस विश्रांती देतात आणि त्यांचे आभार मानतात. त्याचीच ही खूण. आमचा माणूस ठणठणीत आहे. काळजी केलीत, त्याबद्दल तुमचेही आभार.’

लीनानं दोनदा वाचलं. “वरून आलेला कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“माझा भाऊ इथे ड्रायव्हर होता,” लीना म्हणाली, आणि पुढे त्याचं काय झालं ते न सांगता टाइप करायला लागली. शेवटची ओळ तिनं आपल्या मनची घातली. ‘विश्वास बसत नसेल तर अम्गऱ्याला या आणि त्याच्याशी हात मिळवा.’

समिधानं बटण दाबलं. अशरफ जेवून परत आला, त्यानं पेज बघितलं, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मी अजून जेवतोच आहे असं समज.”

संध्याकाळपर्यंत त्याच ब्लॅकबेरींवर, त्याच माणसांच्या हातांतून, आता दहा बोटांचा फोटो फिरत होता. कुणी लिहिलं, माफ करा, आम्ही चुकलो. कुणी विचारलं, हे मागचं दार कितीला. कुणी आपल्या वडिलांच्या होडीवरच्या सुताराची आठवण लिहिली. तिनं एकेकाला उत्तर दिलं, इंग्रजीला इंग्रजीत, अरबीला लीनाकडून. ज्या माणसानं पहिला मेसेज पाठवला होता त्यालासुद्धा.

आणि लोक खरोखर आले. शुक्रवार-शनिवारी अम्गऱ्याच्या त्या धुळकट गल्लीत मोठमोठ्या गाड्या लागल्या. एक वृद्ध कुवेती गृहस्थ नातवाचा हात धरून आले. त्यांच्या वडिलांची गलबतं हिंदुस्थानच्या किनाऱ्याला सागासाठी जायची. त्यांनी शत्रुघ्नचा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि जुन्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “अच्छा हाथ.” शत्रुघ्न म्हणाला, “मालूम है, बाबा.” म्हातारबुवा मोठ्यानं हसले. समिधा भुशाच्या ढिगाशी उभी राहून हे बघत होती. ॲपच्या वहीची पानं भरताना ह्या क्षणाचं चित्र तिनं काढलं नव्हतं, पण काम हेच होतं, हे तिला तिथे उमगलं. बघणाऱ्यानं दार बघावं आणि दारामागचा माणूस दिसावा. तिनं तिथूनच जयदीपला फोन लावला. तो म्हणाला, “काय गं, नोकरी गेली का?” ती म्हणाली, “नाही रे. मिळाली.”

तोवर तुम्ही काय केलंत? फेसबुकवर तुमचं निवेदन लागलं नाही म्हणून ते एका अरबी वर्तमानपत्राकडे पाठवलंत. आतल्या पानावर छोटंसं छापून आलं, ‘संबंध नाही’. इकडे लोक शत्रुघ्नशी हात मिळवत होते आणि तिकडे छापील कागदावर तो तुमचा कुणीच नव्हता.

मग ऑर्डरी आल्या. त्या आल्यावर तुम्ही समिधाला वर बोलावलंत. अशरफही होता. तुम्ही हसून बोललात, चहा मागवलात. म्हणालात, छान झालं, आता ॲप लवकर बाजारात आणा. उघडलं की पहिल्यांदा तो हातांचा फोटो दिसू दे.

“स्क्रीन तयार आहे,” समिधा म्हणाली आणि तिनं फोन तुमच्यापुढे ठेवला. दहा बोटं, वर निळा शर्ट आणि ते किंचित हसू, आणि खाली नाव. शत्रुघ्न, मुख्य सुतार.

“नाव काढा,” तुम्ही म्हणालात. “चेहराही कापा. नाव कळलं की दुसरी कंपनी त्याला पळवेल. खाली लिहा, आमचे कारागीर.”

“आमचे?” ती म्हणाली. “छापून तर आलंय की तो आपला नाही.”

“ते जुनं झालं.”

“ते अजून मागे घेतलेलं नाही, सर.”

अशरफ चहाच्या कपात बघत होता. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात की कंपनीचा चेहरा कसा असावा हे डिझायनरनं ठरवायचं नसतं. समिधालाही आवाज चढवायची गरज वाटली नाही. ॲप ॲपलकडे पाठवायचं खातं पहिल्या दिवसापासून तिच्या नावानं होतं, कारण हा पोरखेळ आहे असं समजून तेव्हा कुणी आपलं नाव त्यावर घालायला तयार नव्हतं. तिच्यावाचून ते बाजारात जाणार नव्हतं.

“तो आपला असेल तर नाव राहील, आणि ते निवेदन त्याच वर्तमानपत्रात, तेवढ्याच जागेत मागे घेतलं जाईल,” ती म्हणाली. “आपला नसेल तर परक्या माणसाचे हात आपल्या ॲपवर लावायचा आपल्याला काय अधिकार? दोन्हीपैकी एक सांगा. मी आज संध्याकाळी बटण दाबते.”

तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि म्हणालात, विचार करून कळवतो.

ती संध्याकाळ केव्हाच गेली. ॲप तयार आहे, अरबी आणि इंग्रजी दोन्ही, कुवेतमध्ये कुणाकडे नाही असं. समिधा रोज नऊला टेबलाशी बसते आणि तुमच्या बाजूनं काही येतं का ते बघते. शत्रुघ्न रोज मशीन चालू करतो. नोकरीवरून काढायचं असेल तर काढा, ती तयारी दोघांनी केलेली आहे. पण त्याआधी बोला. जे छापून सांगितलंत, ते आता तोंडानं सांगा. शत्रुघ्न तुमचा माणूस आहे, की नाही?